निवडुंग, मिनगुट, शेर : काष्ठमय यूफोर्बियांची ओळख

महाराष्ट्राच्या कोरड्या पठारावर, डोंगरउतारांवर आणि शेतांच्या बांधांवर वाढणाऱ्या, मांसल फांद्यांच्या आणि काटेरी अशा बहुतेक सर्व झुडपांना निवडुंग म्हणण्याची रीत असली, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या एका नावाखाली परस्परांशी जवळचे नाते नसलेली दोन कुले एकत्र आलेली आहेत. त्यांपैकी फड्या निवडुंग आणि त्याचे सोयरे मूळचे अमेरिकेतील असून ते कॅक्टस कुलात मोडतात. चीक गाळणारे निवडुंग मात्र एरंडाच्या कुलातील यूफोर्बिया या प्रजातीतले आहेत. प्रजाती म्हणजे निकट नात्याच्या जातींचा गट, आणि यूफोर्बियाच्या गटात सुमारे दोन हजार जाती येतात. पावसाळ्यात अंगणात उगवणारी नायटी किंवा दुधी हीदेखील त्यांतलीच. खोड लाकडासारखे घट्ट होऊन झुडपाचे वा लहान वृक्षाचे रूप घेणाऱ्या जाती आपल्याकडे थोड्याच आहेत. परंतु त्यांची ओळख पटवण्यात जितका गोंधळ होतो, तितका गवतांखेरीज अन्य कोणत्याही गटात होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे अनेक वर्षांच्या भटकंतीनंतरचे मत आहे.

कॅक्टस आणि यूफोर्बिया यांच्यातील भेद काट्यांच्या बैठकीवरून कळतो. कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या लव असलेल्या लहानशा उशीतून झुबक्याने निघतात, तर आपल्याकडील काटेरी यूफोर्बियांचे काटे बहुधा जोडीने असतात. ही जोडी म्हणजे पानाच्या देठाच्या तळाशी असणाऱ्या उपपर्णांचे कठीण रूप असल्यामुळे पान गळून गेल्यानंतरही त्याचा व्रण जोडीच्या लगत दिसतो. दुसरी खूण चिकाची. नखाने साल किंचित खरवडली तरी यूफोर्बियातून दाट पांढरा चीक ठिबकतो. तो डोळ्यात गेल्यास तीव्र दाह होऊन दृष्टीला इजा पोचू शकते, म्हणून चीक लागलेला हात धुतल्याशिवाय चेहऱ्याकडे न्यायचा नाही, हा नियम नमुने गोळा करणाऱ्याच्या अंगवळणी पडावा लागतो. तिसरी खूण फुलांची असून ती सर्वांत निर्णायक आहे. यूफोर्बियाचे जे एक फूल वाटते, ती वास्तविक चषकाच्या आकाराची एक पुष्परचना असते. चषकाच्या मध्यभागी एकच स्त्रीपुष्प, त्याभोवती प्रत्येकी एकाच पुंकेसराएवढी उरलेली नरपुष्पे आणि कडेवर मधुग्रंथी अशी तिची मांडणी असते. काटेरी निवडुंगांत असे तीन चषक एकत्र येतात, त्यांतला मधला आधी उमलतो आणि त्यात बहुधा नरपुष्पेच असतात. हे समजावून घेण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरेसे होते.

सासवड आणि जेजुरीच्या परिसरातील बांधांवर हिंडताना शेर आणि तिधारी निवडुंग यांची ओळख पटायला वेळ लागत नाही. शेराच्या फांद्या पेन्सिलीएवढ्या जाड, गोल, हिरव्या आणि काटेविरहित असतात, पाने अगदी बारीक असून लवकर गळतात, आणि गुरे तोंड लावत नसल्यामुळे त्याची वई पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ही जाती मूळची आफ्रिकेतील असून भारतात ती फार पूर्वी आली. तिधारीच्या फांदीला पंखासारख्या तीन, क्वचित चार-पाच, ठळक धारा असतात आणि त्या धारांच्या नागमोडी कडांवर काट्यांच्या जोड्या बसलेल्या असतात. खरी अडचण उरते ती नेरीफोलिया आणि निवुलिया या दोन जातींची. दोन्हींना खेड्यापाड्यांत निवडुंग किंवा थोर म्हणतात, दोन्हींची पाने मोठी, जाडसर व फांद्यांच्या शेंड्यांशी गोळा झालेली असतात, आणि कोरड्या हंगामात दोन्ही झाडे निष्पर्ण होतात.

या दोहोंचा निवाडा पानांवर सोपवण्याची चूक अनेक पुस्तकांत आढळते, कारण वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने नेरीफोलिया हे नाव कण्हेरीसारखी पाने या अर्थाने दिले असले, तरी बांधावरच्या झाडाची रुंद, शेंड्याकडे पसरट होत जाणारी पाने पाहून कोणालाही कण्हेर आठवत नाही. निवाडा कोवळ्या फांदीवर होतो. नेरीफोलियाच्या फांदीवर लहान उंचवटे असतात, ते एकमेकांना जवळजवळ चिकटून पाच अस्पष्ट धारा तयार करतात, आणि या धारा सरळ न जाता फांदीभोवती किंचित पीळ घेत वर चढतात. काट्यांची जोडी त्या उंचवट्याच्या माथ्यावर बसते. निवुलियाची फांदी दंडगोल असते, धारा नसतात आणि काट्यांची जोडी सालीलगतच्या सपाट चकतीवर टेकलेली असते. फांदीचा पातळ आडवा काप करून तो कागदावर ठेवला आणि चीक टिपून घेतला, की पहिल्याची कडा पाच ठिकाणी फुगीर दिसते व दुसऱ्याचे वर्तुळ जवळजवळ पूर्ण उमटते. जून खोडावर दोन्हींच्या खुणा पुसट होत असल्यामुळे बुंध्यावरून दिलेला निर्णय धरू नये. प्रस्तुत लेखकाला हे फांदीचे लक्षण प्रथम एका शेळ्या राखणाऱ्या वृद्ध बाईंकडून कळले. त्या मिनगुट आणि निवडुंग ही नावे पिळावरूनच वेगवेगळी वापरीत होत्या, आणि ग्रंथांतील वर्णनाशी त्यांचा भेद तंतोतंत जुळला. तथापि दुसऱ्या तालुक्यात हीच नावे उलटसुलट लागू केलेली आढळतात, म्हणून स्थानिक नाव गावासह आणि सांगणाऱ्याच्या खुणेसह लिहून ठेवणेच योग्य ठरते.

या वनस्पतींचा नमुना वाळवणे हे स्वतंत्र कसब आहे. सामान्य वनस्पती दाबयंत्रात कागदाच्या घड्यांमध्ये ठेवली की काही दिवसांत वाळते. निवडुंगाची फांदी मात्र आतल्या पाण्यावर जिवंत राहते, कागदाआडच नवी पाने काढते आणि शेवटी कुजते किंवा सांध्यांशी सुटते. म्हणून ती आधी उकळत्या पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये बुडवून मारावी लागते, नंतर उभी चिरून आतला गर काढावा लागतो आणि आडवा काप वेगळा वाळवावा लागतो. एवढे करूनही रंग, चीक आणि फांदीचा पीळ नमुन्यात उरत नसल्यामुळे ते जागेवरच वहीत उतरवून घ्यावे लागतात. या श्रमांमुळेच संग्राहक निवडुंग टाळत आले, आणि अत्यंत परिचित वनस्पतींचे नमुने संग्रहांत तुरळक राहिले, ही वस्तुस्थिती खेदजनक आहे. फुलांचा नमुना मिळवायचा तर त्याच झाडाकडे हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत पुन्हा जावे लागते आणि पानांसाठी पावसाळ्यात, कारण एका फेरीत दोन्ही क्वचितच हाती लागतात.

नावांच्या गुंत्याचे मूळ सतराव्या शतकापर्यंत जाते. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा व्हॅन रीडे यांचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या सिद्धतेत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य सहभागी होते, आणि त्यांचे देवनागरीतील प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. वनस्पतींची वैज्ञानिक नावे ज्या ग्रंथापासून ग्राह्य धरली जातात, त्या १७५३ च्या ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये लिनिअसने शेराला दिलेले तिरुकल्ली हे नाव मलबारातीलच आहे. तिधारीला त्याने अँटिकोरम, म्हणजे प्राचीनांची, असे नाव दिले, कारण प्राचीन वैद्यकातील यूफोर्बियम हा राळेसारखा पदार्थ याच झाडाचा असावा अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात तो पदार्थ मोरोक्कोतील वेगळ्या जातीचा होता. समजूत चुकली तरी नाव बदलत नाही, कारण नियमांनुसार आधी विधिवत प्रसिद्ध झालेले नाव टिकते. रीडे यांच्या ग्रंथातील एलाकळ्ळी या वनस्पतीला नेरीफोलियाहून वेगळी मानून निवुलिया हे नाव पुढे बुकॅनन-हॅमिल्टन यांनी दिले, आणि राजस्थान, गुजरात व कच्छमधील मोठ्या घुमटाकार जाळ्यांच्या थोराला हेन्स यांनी १९१४ मध्ये कॅड्युसिफोलिया असे वेगळे नाव दिले. त्याआधीच्या ग्रंथांत ही जाती नेरीफोलिया व निवुलिया यांपैकी एकीच्या नावाखाली सापडते. म्हणून १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ वाचताना हे भान ठेवावे लागते.

या भेदांना केवळ पुस्तकी म्हणून बाजूला सारता येत नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात सुधा, म्हणजेच स्नुही, या चिकाच्या निवडुंगाचे काट्यांवरून दोन प्रकार सांगून त्याला अत्यंत तीव्र विरेचक मानले आहे, आणि भगंदरावर वापरल्या जाणाऱ्या क्षारसूत्राच्या धाग्याला आजही स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार व हळद यांचे लेप दिले जातात. इतक्या दाहक द्रव्याचे झाड नुसते ‘निवडुंग’ असे नोंदवून चालत नाही. ज्या झाडाचा चीक घेतला त्याचा नमुना जपलेला असावा, ही अपेक्षा अगदी रास्त आहे.

पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणासारख्या संस्थांच्या संग्रहांत जुना नमुना तपासणारा अभ्यासक आधीची चिठ्ठी काढून टाकीत नाही, तर आपले मत स्वतंत्र चिठ्ठीवर नाव व तारखेसह शेजारी चिकटवतो. बागेतील नागमोडी खोडाच्या विलायती शेराला लिनिअसने यूफोर्बियात घातले, पुढे तो पेडिलँथस या वेगळ्या प्रजातीत गेला आणि डीएनएच्या अभ्यासानंतर परत यूफोर्बियात आला, हा सारा प्रवास अशा चिठ्ठ्यांच्या आधारे उलगडता येतो. निवडुंगाच्या नमुन्यावर चिठ्ठी लावताना मात्र नुसते नाव पुरत नाही. फांदी गोल होती की धारांची, काटे उंचवट्यावर होते की सपाट चकतीवर, आणि हे ओल्या फांदीवर पाहिले की वाळलेल्या, एवढे तीन तपशील नावाखाली लिहिले, तर पुढच्या अभ्यासकाला त्या निर्णयाची फेरतपासणी करता येते.