अलिबागला निघताना तिथी पाहा

मंडळी, परगावी जायचे म्हटले की आपण एसटीचे वेळापत्रक पाहतो. पण अलिबागचा कुलाबा किल्ला पायी जाऊन पाहायचा असेल, तर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहा. का, ते सांगतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला, आम्ही दोघे आईला घेऊन अलिबागला गेलो. आईने सत्तरी गाठली, पण समुद्र पाहिला नव्हता. पहाटे लोणावळ्याहून एसटी धरली. खंडाळ्याचा घाट उतरलो तेव्हा लख्ख ऊन होते. पेणला ढग आले, पोयनाडला सर कोसळली आणि अलिबागला उतरलो तर पुन्हा ऊन! परतीच्या पावसाचा हा लहरीपणा तुमच्याही ओळखीचा आहे.

किनाऱ्यावर आलो. समोर किल्ला, पण मध्ये पाणीच पाणी. आई हिरमुसली. तेवढ्यात मासळीची टोपली घेऊन बसलेली एक कोळीण म्हणाली, "आज एकादस ना? सव्वाआठला भरती झाली. अडीचला पुरी सुकती. दोनला उतरा, पन साडेतीनला मागं फिरा."

तिने हिशेबही शिकवला. तिथीला तिनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, म्हणजे सव्वाआठ. ही भरतीची वेळ. पुढे सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा पाणी चढतेही खूप आणि उतरतेही खूप. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. हा हिशेब ढोबळ आहे, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या माणसांना विचारावेच.

दोन वाजता खरोखरच वाट मोकळी झाली होती. आई घोडागाडीत बसली, आम्ही पायी निघालो. कुठे ओली वाळू, कुठे खडक, कुठे घोटाभर पाणी.

किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांच्या काळात, १६८० मध्ये सुरू झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे झाले. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले आहेत. आत राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणपतीचे देऊळ आहे आणि गोड्या पाण्याची विहीरही आहे. "चहूकडं खारं आणि मधे गोडं!" आई विहिरीपाशी कितीतरी वेळ उभी राहिली.

देवळात ती जपाला बसली आणि पश्चिमेकडून आभाळ काळे झाले. तीन वाजून गेले. पाऊस ओसरेपर्यंत आडोशाला थांबावे, असे मला वाटले. कोळणीचे बोलणे आईनेच आठवून दिले. "पावसाला थांबलास तर पाणी थोडंच थांबणार हाय? भिजलो तर वाळू. चल."

आम्ही निघालो. निम्म्या वाटेवर पावसाने गाठले. येताना घोटाभर असलेले पाणी आता पोटरीला लागत होते. किनाऱ्यावर पोचून मागे पाहिले, तर आमची वाट पाण्याखाली जायला लागली होती. थांबलो असतो तर?

परतताना पाऊस उघडला. पोयनाडजवळ रस्त्याकडेच्या खाचरात हळवे भात कापून पसरले होते, ते चिंब भिजले होते. एक बाई वाकून पेंढ्या बांधावर नेत होती. आईने खिडकीला कपाळ टेकवले. "समुद्राला येळ तरी हाय," ती म्हणाली, "या पावसाला कोन इचारनार?"

समुद्र कसा वाटला, हे विचारायचे मग राहूनच गेले. घरी आल्यावर पाहिले, तर तिने कॅलेंडर खुंटीवरून काढून नातवापुढे धरले होते आणि त्याला तिनाचा पाढा म्हणायला लावला होता.