रात्रीच्या जेवणाला काय घालायचं?

नाताळच्या सुट्टीला चार दिवस रजा जोडून आम्ही घरातली सहा माणसं दुबईहून सुटणाऱ्या एका क्रूझवर सात रात्री राहून आलो. दोहा, बहरीन, अबू धाबी, परत दुबई. माझा दीर वीस वर्षं दुबईत आहे. खर्च त्याचा आणि हट्टही त्याचाच. "भाभी, अब्बांची सगळी उमर बोटीवर गेली आणि अम्मीने बोट बघितली ती धक्क्यावर उभं राहून. एकदा तिला आत बसवायचंय," असं तो दोन वर्षं म्हणत होता.

कंपनीकडून जी माहिती आली तिच्यात व्हिसा, विमा, सामानाचं वजन असं बरंच काही होतं. पण आमच्या घरात आठवडाभर चर्चा झाली ती एकाच ओळीवर. दोन संध्याकाळी 'गाला नाइट', पोशाख औपचारिक. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे घरातल्या कुठल्याही कागदाचा अर्थ लावायचं काम माझ्याकडे येतं. आमच्या ह्यांना टायची धास्ती. लग्नातसुद्धा त्यांनी टाय बांधला नव्हता. पुरुषांना कपड्यांची एवढी काळजी करताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं. कुठे जायचं म्हटलं की अंगावर काय असावं, डोक्यावर काय असावं, याचा हिशेब आम्ही बायका रोजच करत असतो.

ज्यांना यापुढे जायचं असेल त्यांच्यासाठी नियम सांगून टाकते. दिवसा कोण काय घालतं याकडे बोटीवर कुणी बघत नाही. बुफेच्या हॉलमध्ये पोहण्याचे ओले कपडे आणि अनवाणी पाय चालत नाहीत, एवढंच. नियम सुरू होतो संध्याकाळी, मोठ्या डायनिंग हॉलच्या दारात. तिथे अर्धी चड्डी, बनियन, रबरी चप्पल नको. गाला नाइटला त्याहून वरची पायरी. ती किती उंच, हे कंपनीवर अवलंबून असतं. कुनार्डच्या क्वीन मेरी २ वर आजही गाला संध्याकाळी सहानंतर पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालावा अशी अपेक्षा असते आणि ज्यांना ते नको त्यांच्यासाठी बोटीचे ठरावीक भागच मोकळे असतात. उलट नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली 'फ्रीस्टाइल' म्हणत ठरलेलं टेबल, ठरलेली वेळ आणि सूट या सगळ्यालाच रजा दिली. आमची बोट या दोघांच्या मधली. एक गोष्ट मात्र मला फार उपयोगी वाटली. बऱ्याच कंपन्यांच्या नियमांत 'औपचारिक राष्ट्रीय पोशाख चालेल' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. स्कॉटलंडचा माणूस किल्ट घालून येतो तसे तुम्ही शेरवानी घालून जा. ह्यांनी भाच्याच्या लग्नातली शेरवानी बाहेर काढली आणि टायचा विषय संपला. माझा रेशमी सलवार-कमीज आणि त्यावर जुळणारा हिजाब. डायनिंग हॉलमध्ये टोप्या काढायला सांगतात, पण ते क्रिकेटच्या टोपीबद्दल. हिजाबबद्दल मला सात दिवसांत कुणी एक शब्द विचारला नाही.

प्रश्न अम्मींचा होता. त्यांच्याकडे घालायला नव्हतं असं नाही. गोल साडी, डोक्यावर पदर, वरून पांढरी ओढणी. पण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "त्या हॉलात मी नाही येत. तिथे साहेब लोक बसतात."

हे समजायला अब्बांची नोकरी समजायला हवी. आमच्या रत्नागिरीकडे 'तो बोटीवर आहे' म्हटलं की घर पक्कं बांधलेलं असणार आणि घरात पुरुष नसणार, हे लोक समजून घेत. अब्बा विलायती कंपनीच्या प्रवासी बोटीवर डेकचे खलाशी. पी अँड ओच्या बोटींवर कित्येक दशकं माणसांची विभागणी ठरलेली होती. डेकवर कोकण-गुजरातकडचे खलाशी, त्यांच्यावर टंडेल आणि सारंग. खाली इंजिनात पंजाबी-पठाण. आणि वर सलूनमध्ये, म्हणजे साहेबांना जेवण वाढायला, गोव्याचे ख्रिस्ती. डुकराचं मांस असो, गोमांस असो, वाइन असो, त्यांना कशालाच हात लावायला अडचण नव्हती. अब्बांची कंपनी दुसरी होती, रीत तीच. खलाशांचा स्वयंपाक वेगळा, करणारा भंडारी आपल्यातला, भात-मच्छी-डाळ. हलालचा प्रश्नच यायचा नाही. अब्बांचा एक फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. निळा भरतकाम केलेला सदरा, कमरेला लाल रुमाल, डोक्यावर टोपी. इतका रुबाबदार पोशाख की माझ्या मुलीला लहानपणी वाटायचं, दादा कुठले तरी नवाब होते. त्या पोशाखात त्यांनी सलूनच्या बाहेरचं लाकूड घासलं, पितळ चमकवलं. आत पाय ठेवला नाही. 'ठेवायचा नाही' असं कुठे लिहिलेलं होतं का, हे मी एकदा त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "लिहायला कशाला पाहिजे?"

म्हणून गाला नाइटच्या नियमांवर आमच्याकडे काही लोक चिडतात, हा गोऱ्यांचा माज आहे म्हणतात, तेव्हा मला ते पटत नाही. लिहिलेला नियम वाचता येतो. त्याचा अर्थ विचारता येतो, त्यात शेरवानी बसवता येते. अब्बांच्या वेळचा नियम कागदावर नव्हता, त्यामुळे तो अम्मींच्या मनातून पुसायला आमच्याकडे कुठलाही कागद नव्हता.

पहिल्या गाला नाइटला अम्मी केबिनमध्येच राहिल्या. सोबत आणलेले खजूर, चिवडा, तांदळाची भाकरी आणि सोड्याची चटणी. मला सारखे गांधीजी आठवत होते. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून बोटीने साउदम्प्टनला निघाले, वय अठरा. काटे-चमचे धरता येत नव्हते आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायची हिंमत होत नव्हती. म्हणून ते टेबलावर गेलेच नाहीत, घरून आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये खात राहिले. कपड्यांचं तर आणखी वाईट. उतरताना घालायला म्हणून पांढरा फ्लॅनेलचा सूट जपून ठेवला होता. सप्टेंबर संपता संपता साउदम्प्टनला तो घालून उतरले, तर तसे कपडे घातलेले ते एकटेच. हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात आणि मग गप्प होतात. बारावीनंतर मुंबईला शिकायला जाणाऱ्या मुलींना तर ते जास्तच कळतं.

आता जेवणाचं. बुकिंगच्या फॉर्ममध्ये आम्ही खाण्यापिण्याच्या रकान्यात 'हलाल' लिहिलं होतं. पहिल्या संध्याकाळी हॉलमध्ये त्याचा कुणालाच पत्ता नव्हता. दीर भडकला. पण आमच्या टेबलाचा वेटर जावाचा मुसलमान निघाला. त्याने गाजावाजा न करता मेन्यूवर बोट ठेवत ठेवत सांगितलं: या सूपमध्ये बेकन, या सॉसमध्ये वाइन, हे गोड जिलेटिनचं. मांस हलाल असल्याची तो खात्री देऊ शकत नव्हता आणि दिली नाही, हे मला जास्त आवडलं. मग हेड वेटर आला. त्याने एक पद्धत सांगितली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्यांचं पथ्य असतं त्यांना दुसऱ्या दिवशीचा मेन्यू आदल्या रात्री दाखवतात. तुम्ही खूण करायची आणि स्वयंपाकघर ते वेगळं करतं. आम्ही मासे आणि शाकाहारी यांवर सात दिवस काढले. उपाशी कुणी राहिलं नाही, उलट ह्यांचं वजन वाढलं. मुंबईहून २०२१पासून जी कॉर्डेलियाची क्रूझ निघते तिथे जैन जेवणसुद्धा मिळतं. म्हणजे गिऱ्हाईक पुरेसं असलं आणि त्याने मागितलं, की स्वयंपाकघर शिकतं.

दारूचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मी टाळणार नाही. ज्या दस्तरखानावर दारू फिरते तिथे बसू नये, ही शिकवण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ह्यांनी निघण्याआधीच हे काढलं होतं. आम्ही सहा जणांचं स्वतंत्र टेबल मागून घेतलं, अनोळखी लोकांबरोबरचं नको म्हटलं. बसल्या बसल्या वेटरने आमच्या टेबलावरचे वाइनचे ग्लास उचलून नेले आणि रोज आमच्या आधीच ते नेलेले असायचे. शेजारच्या टेबलावर बाटली होतीच. ज्याला तेवढंही चालणार नाही त्याने जाऊ नये, त्याचं बरोबर आहे. आम्हाला चाललं.

चौथ्या दिवशी अबू धाबी. तिथली शेख झायेद मशीद बघायला निम्मी बोट निघाली. आदल्या संध्याकाळी प्रत्येक केबिनमध्ये कागद आला, पोशाखाचे नियम. बायकांनी हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत झाकलेले, कपडे सैल, डोक्यावर स्कार्फ. पुरुषांना अर्धी चड्डी नको. सकाळी जिन्याजवळ तीच गडबड, जी आमच्या घरी टायवरून झाली होती. हे चालेल का, यातून दिसतंय का, पिन आहे का कुणाकडे? शेजारच्या टेबलावरची एक युरोपियन बाई, पहिल्या गाला नाइटला उघड्या पाठीच्या गाउनमध्ये होती, ती माझ्या मुलीला विचारत होती की हा स्कार्फ घसरत का राहतो. माझी मुलगी कॉलेजला जाताना डोकं झाकत नाही, त्यावरून आमचे वाद झालेत. तिने दोन पिना लावून दाखवल्या, अगदी सराईतपणे. बाई म्हणाली, तू रोज बांधतेस वाटतं. मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझी आई बांधते."

अम्मी हे सगळं बघत होत्या. बसमध्ये त्यांनी आपल्या सासूची गोष्ट काढली. दादी मोगल लाइनच्या बोटीने हजला गेल्या होत्या. मुंबई ते जेद्दा. (ती समुद्रातली वाट १९९५मध्ये बंद झाली, आता सगळे विमानाने.) यलमलमच्या समोर बोट आली की भोंगा वाजायचा आणि सगळे एहराम बांधायचे, असं दादी सांगत. वरच्या वर्गातला शेठ आणि डेकवर चटई टाकून आलेला शेतकरी, दोघांच्या अंगावर दोन पांढऱ्या, न शिवलेल्या चादरी. "तिथे पण सांगूनच घालायला लावतात," अम्मी म्हणाल्या. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्याच संध्याकाळी केबिन साफ करायला येणाऱ्या मुलाला त्यांनी गाठलं. मुलगा गोव्याचा, त्यांची कोकणी आणि त्याची कोकणी निम्मी जुळत होती. मी गेले कुठे तर शेजारच्या बाल्कनीत. सगळं ऐकू येत होतं. मला आत जायला कुणी अडवील का, हे त्यांनी त्याला विचारलं. आम्हा कुणाला विचारलं नव्हतं. तो हसला आणि म्हणाला, तुमच्या टेबलावर तुमचं नाव आहे, खुर्ची चार दिवस रिकामी आहे, वेटर रोज विचारतो.

दुसऱ्या गाला नाइटला त्या आल्या. हिरवी साडी, पांढरी ओढणी, पायात साध्या चपला. हॉलच्या दारात एक क्षण थांबल्या. खाली बघितलं, फरशीकडे, मग दाराच्या पितळी मुठीकडे. मूठ त्यांनी हाताने घासून पाहिली. हेड वेटरने खुर्ची ओढून दिली तेव्हा दिराला काही बोलताच येईना, तो मेन्यूत डोकं घालून बसला. मासा आणि भात आला. मुलगी हळूच म्हणाली, "दादी, काटा डाव्या हातात." अम्मी म्हणाल्या, "डाव्या हाताने खाऊ?" आणि हाताने कालवून जेवल्या. आजूबाजूला एक-दोघांनी पाहिलं. पाहू देत. नियमांच्या कागदावर कपड्यांबद्दल दीड पान होतं, हाताने जेवण्याबद्दल एक ओळही नव्हती. मी तपासलं होतं.

जेवण झाल्यावर त्यांनी वेटरला विचारलं, मुलीने इंग्रजीत सांगितलं, "तू कुठे जेवतोस?" तो म्हणाला, खाली, क्रू मेसमध्ये. भात रोज असतो. एक इंडियन कुकपण आहे.

"भंडारी आहे म्हण," अम्मी म्हणाल्या. "तिखट असतं का?"

खूप, असं तो म्हणाला आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसला.

अम्मी दिराकडे वळल्या. "इथला भात कोरडा आहे. उद्या मला खाली जेवायला ने."

दिराने समजावलं, खाली प्रवाशांना जाता येत नाही.

"का?" अम्मींनी विचारलं. "तिथे काय घालून जावं लागतं?"