मलम आणि माकडटोपी

डिसेंबर-जानेवारीत केदारकंठा, औली नाहीतर गुलमर्गला निघालेल्या मराठी मंडळींच्या सॅकमध्ये हल्ली क्रीमच्या ट्यूबा भरपूर असतात आणि तोंड झाकायला मात्र एखादा पातळ बफ. ज्यांची कातडी नाजूक, जरा वारा लागला की गाल चुरचुरतात आणि नाकाभोवती पापुद्रे सुटतात, त्यांच्याकडे तर ट्यूबा जास्तच. बर्फात माणसं नेण्याचं काम करताना मला हा हिशेब उलटा वाटतो. थंडी अडवतं ते कापड. मलम अडवतं ते फक्त कातडीतलं पाणी. दोन्ही हवीत, पण एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारलं की नाक, कान आणि गालांची हाडं उघडी पडतात, आणि हिमदंश सुरू होतो तो तिथेच.

याचा भक्कम पुरावा फिनलंडच्या सैन्यातून आला. तिथल्या सक्तीच्या लष्करी सेवेतल्या तरुणांना चेहऱ्याला आणि कानांना हिमदंश कशामुळे होतो, याचा अभ्यास १९९५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. कान झाकणारी टोपी न घालणं, मफलर न गुंडाळणं, उघड्या वाहनातून वाऱ्यात जाणं ही कारणं कुणालाही सुचतील अशीच होती. पण थंडीपासून बचाव म्हणून मलम लावणाऱ्यांमध्येही हिमदंशाचं प्रमाण जास्त निघालं. यावर कुणी म्हणेल, की ज्यांना आधीपासून त्रास तेच मलम लावणार, मग दोष मलमाचा कसा? शंका रास्त आहे, आणि मलमाने अपाय होतो असं माझंही म्हणणं नाही. त्याने थंडी अडली नाही, एवढंच मला पुरेसं आहे. ऊब धरून ठेवते ती कापडाच्या धाग्यांत अडकलेली स्थिर हवा. तेलकट थराची जाडी मिलिमीटरभरही नसते, त्यात हवा राहणार कुठे? उलट चोपडलेला चेहरा आतून उबदार वाटतो, आणि त्या भरवशावर माणूस माकडटोपी खाली ओढायला उशीर करतो. वाऱ्याला तेवढा उशीर पुरतो. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असला, की उघड्या कातडीला ती थंडी उणे २० सारखी लागते. स्की करणाऱ्याला तर वारा पडलेला असतानाही स्वतःच्या वेगाचा वारा असतोच.

मग मलम हवंच कशाला? कारण बर्फातली हवा कमालीची कोरडी असते. २० अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते. उणे १० ला दोन-अडीच ग्रॅमच. ही हवा गालांवरून दिवसभर वाहते, रात्री खोलीत बुखारी, म्हणजे शेगडी, पेटते, आणि कातडी दोन्हीकडून सुकते. एक्झिमा किंवा रोझेशिया असणाऱ्यांना याचा चटका आधी बसतो. सावळ्या रंगावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून चुरचुर हीच खूण मानावी. अशा वेळी साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली रात्री पातळ लावावी, आणि सकाळी नाकाच्या दांड्यावर, कापडाची कड घासते तिथे. आपलं खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजतं, त्यामुळे बाटलीतून ते निघणारच नाही. फेसवॉश घरीच ठेवावा. रेटिनॉल आणि ग्लायकोलिक ॲसिडची क्रीमं निघण्याच्या आठवडाभर आधीच बंद करावीत. दाढी सकाळी करू नये, रात्री करावी. कातडीला सावरायला वेळ मिळतो.

उन्हाचा मामला यापेक्षा वेगळा. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या कडेलाही सनस्क्रीन हवं. नाजूक कातडीला झिंक ऑक्साइडचं बरं. सावळी कातडी भाजत नाही, हा समज केदारकंठाच्या ३,८०० मीटरवर टिकत नाही.

तोंड झाकण्याविरुद्धची खरी तक्रार वेगळीच असते: गॉगलवर वाफ धरते, श्वासाने कापड ओलं होतं. तक्रार खोटी नाही. तोंडासमोरचा वाटीएवढा भाग आधी दमट होतो, मग गोठून पुठ्ठ्यासारखा ताठ होतो, आणि त्याची कड ओठाच्या वर खरवडत राहते. नाजूक कातडीला हे गोठलेलं कापड उघड्या वाऱ्याइतकंच वाईट. पण त्यावर कापड काढून टाकणं हा उपाय नव्हे. दुसरा कोरडा बफ जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेत ठेवावा आणि ओला झालेला बदलावा. खडी चढण असेल, घाम येत असेल, वारा नसेल, तेव्हा बफ हनुवटीखाली घ्यावा. धारेवर पोचण्याआधी, वारा लागण्याआधी, वर ओढावा. गॉगलची खालची कड कापडाच्या बाहेर राहिली, की वाफही कमी धरते. कापड निवडताना आतली बाजू गुळगुळीत पाहावी. जाड लोकर टोचते. मेरिनो किंवा मऊ फ्लीस चालतं. आणि ते सोबत नेण्यापूर्वी साबणाचा अंश राहणार नाही असं दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावं, कारण क्रीमवर खापर फुटतं ती खाज पुष्कळदा साबणाचीच असते.

एक गोष्ट मात्र ना कापड करतं ना मलम. नाक बधिर झालं की दुखणं थांबतं, म्हणून स्वतःला कळत नाही. जोडीदाराला दर अर्ध्या तासाने तुमच्या चेहऱ्याकडे नीट बघायला सांगा, तुम्ही त्याच्याकडे बघा. नाकाच्या शेंड्यावर किंवा गालावर फिकट, मेणचट ठिपका दिसला, तर वाऱ्याच्या आडोशाला जाऊन हातमोजा काढा आणि उबदार तळवा त्यावर धरून ठेवा. चोळू नका, बर्फ तर अजिबात लावू नका. संवेदना परतली नाही तर त्या दिवशीची चढाई तिथेच संपवा, खाली उतरा आणि डॉक्टर गाठा.