जांभळा रंग कोणाचा?

चहात काय असते, असे कोणी मला विचारले तर मी बेधडक सांगेन : तरतरी! मॅट्रिकवर थांबलेल्या मराठीच्या मास्तराला एवढे रसायनशास्त्र पुरते. आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या गुरुजींना मात्र ते पुरत नाही. एकदा त्यांनी ती तरतरी पत्तीतून वेगळी करून, शुद्ध करून बशीत मांडली. पांढऱ्या, रेशमासारख्या सुया. हेच कॅफीन. त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर पोटॅशियम क्लोरेट घालून त्यांनी सारे आटवले, आणि बशी अमोनियाच्या वाफेवर पालथी धरली. बशीला पैठणीच्या काठासारखा जांभळा रंग चढला.

"सिद्ध झालं, सर!" एक मुलगा ओरडला.

"कसलं सिद्ध?" गुरुजी म्हणाले. "कोकोतलं थिओब्रोमिनही असंच जांभळं होतं. आणि तुझ्या आजोबांच्या सुजलेल्या अंगठ्यातलं युरिक आम्लसुद्धा!"

या साऱ्यांचा सांगाडा एकच. कॅफीनला मेथिलचे तीन झुपके, थिओब्रोमिनला दोन, युरिक आम्लाला एकही नाही. जांभळ्या रंगाला फक्त सांगाडा दिसतो. झुपके तो मोजीत नाही.

कॅफीन सापडले तेही मांजरामुळे. रुंगे नावाचा जर्मन तरुण १८१९ साली मांजर काखेत मारून महाकवी गटेकडे गेला. बेलाडोनाच्या अर्काने मांजराची बाहुली कशी विस्फारते, हे त्याला दाखवायचे होते. (आपल्या धोतऱ्यानेही ती तशीच विस्फारते, मांजराची साक्षही मोघमच!) गटेने खूश होऊन त्याला कॉफीचे दाणे दिले, आणि त्यांतून रुंगेने कॅफीन काढले. पुढे १८२७ मध्ये चहातून 'थेइन' निघाले. ते कॅफीनच आहे, हे कळायला १८३८ उजाडले.

इथवर सारी मौजच आहे. पण कोकाच्या पानांतून निघणारे कोकेन ओळखायला अमेरिकेतले पोलीस दोनेक डॉलरची पुडी वापरत आले आहेत. तीत कोबाल्ट थायोसायनेट असते. संशयित भुकटी पडली की ते निळे होते. मात्र इतरही कितीतरी पदार्थांनी ते निळे होते. कोण कोण आहे हे निवडायचे तर प्रयोगशाळेत मिश्रण वाहत्या प्रवाहात सोडून प्रत्येकाची चाल पाहावी लागते, मग रेणूचे वजन घ्यावे लागते. त्याला वेळ लागतो. ह्यूस्टनमध्ये अशा रंगाच्या भरवशावर पकडलेल्या अनेकांनी, शिक्षा कमी व्हावी म्हणून गुन्हा कबूल केला. प्रयोगशाळेचा अहवाल आला, तेव्हा भुकटीत अमली पदार्थच नव्हता; आणि बरेचजण तोवर तुरुंगातून सुटूनही आले होते.