लाईन मोज, माणसं नको

चि. भाच्यास,


बेल्लमपल्लीत खाणकामगारांच्या मुलांसाठी तू अभ्यासिका काढलीस याचा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटतो. संध्याकाळी सगळी मुलं एकदम बसली की नेट रखडतं. म्हणून कोणता फायरवॉल घ्यावा आणि नेट कुठे जातंय ते कसं कळावं, असं तू विचारलंस. नीट सांगते.

सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचंच घे. पैसे वाचतील हे खरंच, पण मोठं कारण वेगळं आहे. मॅन्युएल कॅस्पर यांनी २००३ मध्ये 'मोनोवॉल' हा मुक्त फायरवॉल आणला. २००४ मध्ये त्यातून 'पीएफसेन्स' फुटला आणि त्यातून २०१५ च्या जानेवारीत 'ओपीएनसेन्स'. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅस्पर यांनी मोनोवॉल बंद केला आणि जाताना वापरणाऱ्यांना ओपीएनसेन्सकडे पाठवलं. मूळ माणूस थांबला तरी काम थांबलं नाही, कारण कोड सर्वांच्या हाती होता. लहान गावातल्या संस्थेला असाच आधार हवा.

माझा कौल ओपीएनसेन्सला. दर जानेवारी आणि जुलैत त्याची नवी आवृत्ती येते आणि नेटच्या वापराचे अहवाल त्यातच असतात. पीएफसेन्सही भक्कम आहे, पण २०२१ पासून त्याची 'प्लस' ही बंद-स्रोत आवृत्ती वेगळी निघते आणि अहवालासाठी 'एनटॉपएनजी'सारखं पॅकेज वरून घालावं लागतं. ओपीएनसेन्स जुन्या डेस्कटॉपवर चालतं; तसा मिळाला नाही, तर चांगल्या राउटरवर 'ओपनडब्ल्यूआरटी' टाक. त्यातलं 'एनएलबीडब्ल्यूमॉन' प्रत्येक यंत्राचा वापर दाखवतं.

ओपीएनसेन्ससाठी यंत्र ६४-बिट हवं. चार जीबी रॅमवर भागतं, आठ असली तर अहवालांना बरं. नेटवर्कची दोन पोर्ट लागतात. दुसरं कार्ड शक्यतो इंटेलचं घे. तिथला उन्हाळा आणि कोळशाची धूळ पाहता, पैसे जमले की बिनपंख्याचा छोटा संगणक बरा. आत्ताचा वायफाय राउटर फेकू नकोस, तो फक्त अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय पुरवायला चालव. तो राउटर म्हणूनच राहिला, तर अहवालात सगळ्या मुलांचे फोन मिळून एकच यंत्र दिसेल आणि तुझी मेहनत वाया जाईल.

आता अहवालाचं. ओपीएनसेन्समध्ये 'नेटफ्लो' चालू केलास की 'इनसाइट'मध्ये आलेख दिसू लागतात. सिस्को कंपनीने १९९६ मध्ये काढलेली नेटफ्लोची पद्धत कोळशाच्या वजनकाट्यासारखी आहे: कुठून आलं, कुठे गेलं, किती वजन, कधी, मुख्यतः एवढंच नोंदवते. आठवडाभर नुसतं बघ. बहुतेक वेळा दोन-चार फोनांचे अपडेट किंवा फोटोंचा बॅकअपच लाईन खाताना सापडतो. तेव्हा कुणालाही बंद करू नकोस. 'शेपर'मध्ये लाईन सगळ्यांत वाटून देणारं 'एफक्यू-कोडेल' लाव आणि वेग लाईनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी ठेव. मग एकाचं मोठं डाउनलोड चालू असलं तरी दुसऱ्याचा ऑनलाइन तास तुटत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. कोणत्या यंत्राने कोणत्या साइटचं नाव विचारलं, तेही ओपीएनसेन्स साइटच्या नावांचे पत्ते शोधणाऱ्या 'अनबाउंड'च्या अहवालात दाखवू शकतं. ती नोंद आपण होऊन चालू करावी लागते. तू करू नकोस. एखादी मुलगी आपल्या आजाराबद्दल शोधत असेल, एखादा मुलगा घरातल्या कर्जाबद्दल. संध्याकाळी लाईन का अडते, या प्रश्नाचं उत्तर वजनात मिळतं. त्यांच्या मनात काय चाललंय हे कळायची गरज नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो या मुलांचाही आहे. फुकट नेटच्या बदल्यात तो त्यांनी गहाण ठेवावा, असं आपल्या हातून घडू नये.

म्हणून दारावर तेलुगू, मराठी आणि हिंदीत एक कागद लाव: इथे काय मोजलं जातं, काय मोजलं जात नाही, नोंद किती दिवस राहते आणि ती कोण पाहतं. जे त्या कागदावर लिहायला तुला संकोच वाटेल, ते सॉफ्टवेअरमध्येही चालू करू नकोस. सॉफ्टवेअर निवडताना हीच कसोटी लाव.

तुझी,
मावशी
चंद्रपूर