ताकाची बाजू
१२ मेचा परिचारिका दिन आला की नर्सिंग कॉलेजात रांगोळ्या, पोस्टर, थर्माकोलची मॉडेलं मांडली जातात, आणि कल्पकता म्हणजे एवढंच, असं विद्यार्थिनी बहुधा धरून चालतात. वॉर्डात बॅकरेस्ट नसेल तर खुर्ची पालथी घालून तिच्यावर उशा रचणारी, घरभेटीत रद्दी पेपरची पिशवी करून त्यात वापरलेला कापूस टाकणारी मुलगी त्याला कल्पकता म्हणत नाही. भागवून घेतलं, म्हणते. दुधाची तहान ताकावर. दूध वरचढ, हे या म्हणीनं आधीच ठरवून टाकलं आहे. पण वैशाखातल्या उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती कुणी दुधाचा पेला देत नाही; तहान भागते ती ताकानंच. शिवाय दूध मिळालं की काम झालं. ताकासाठी विरजण लावा, रात्रभर थांबा, दही फार आंबट व्हायच्या आत घुसळा, लोणी काढा. हिकमत सगळी ताकात आणि मान मात्र दुधाला, हे मला पटत नाही.

यावर ट्यूटर म्हणतील, रोग्याचं शरीर ही प्रयोगाची जागा नव्हे. हा आक्षेप खरा आहे. टाचेला बेडसोर होऊ नये म्हणून हातमोज्यात पाणी भरून तो टाचेखाली ठेवायची युक्ती वॉर्डांत मायेनंच रुजली. आज बेडसोरविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना ती वापरू नका म्हणून सांगतात. प्रोसिजरमधली एकेक स्टेप उगाच आलेली नसते. पण १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड आडनावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणातल्या उन्हात नेत असत. कावीळ झालेल्या एका बाळाचा पिवळेपणा उतरला होता, फक्त चादरीच्या कोपऱ्याखालचा त्रिकोण तेवढा पिवळा होता. त्यांनी तो डॉक्टरांना दाखवला. पुढे त्यावर अभ्यास झाला, १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि बाळांच्या काविळीवरची फोटोथेरपी उभी राहिली.

हातमोजा काय, ऊन काय, दोन्ही हाताशी होतं तेच. पहिल्या दिवशी त्यांतलं खरं कोणतं हे कुणी कसं ओळखावं? फरक कदाचित दाखवण्यात असेल. सिस्टर वॉर्ड यांनी पाहिलेलं कुणीतरी तपासलं. आपल्या केस स्टडीच्या वहीत असल्या निरीक्षणासाठी एक रकाना ठेवावा, असं सुचवावंसं वाटतं. पण रकाना आला की त्याला मार्क येणार, आणि मार्कांसाठी मुली तिथेही सुबक रांगोळीच काढतील, ही धास्ती काही जात नाही.