ये आणि थांब

तीस वर्षे मी पोरांना ‘खाली बसा’ म्हणत आलो आणि पोरे बसत आली. तेव्हा आज्ञा देण्याची कला आपल्याला साधली आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती राजाने चार दिवसांत घालवली.

राजा हा आमचा कारवानी कुत्रा. मी सेवानिवृत्त झालो तेव्हा लातूरकडच्या एका नातलगाने हे पिलू पाटणला धाडले. वर्षभरात ते सव्वादोन फूट उंच झाले. नाव ठेवतानाच आमचे चुकले. राजाला हुकूम कोण देणार?

ही जात मूळची शिकारीची. नाकापेक्षा डोळ्यांवर तिचा भरवसा. ससा दिसला की धावायचे, आणि धनी मागे राहिला तर आपला निर्णय आपण घ्यायचा. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या याच गुणासाठी तिला जोपासले आणि आता त्यालाच आपण हट्टीपणा म्हणतो! बरे, हे कुत्रे शिकतच नाही म्हणावे, तर याच्याच भाऊबंदांची, मुधोळ कुत्र्यांची पिले २०१६ साली लष्कराने मेरठला शिकायला नेली. म्हणजे खोट विद्यार्थ्यात नव्हती.

घरात मी ‘इकडे ये’ म्हणे, सौभाग्यवती ‘ये रे बाळा’, तर नातू ‘कम’. राजा कोणाकडेच येत नसे. केरा-कोयनेच्या संगमाकडे त्याला मोकळा सोडावा, आणि अंधार पडेपर्यंत माझ्या हाका नदीने ऐकाव्यात.

एकदा धनगरवाड्यावरून खाली आलेले एक म्हातारबाबा माझी ही तारांबळ पाहत उभे राहिले. म्हणाले, “गुर्जी, तुमी बोलावताय कशाला, तर बांधायला. मग त्यानं का म्हणून यावं?”

खरेच होते. माझ्या ‘ये’चा अर्थ राजाच्या कोशात ‘मौज संपली’ असा होता!

दुसऱ्या दिवसापासून मी नव्याने शिकवू लागलो, म्हणजे शिकू लागलो. घरात सर्वांचा शब्द एकच. तोही एकदाच उच्चारायचा. गळ्यात लांब दोर. ‘ये’ म्हटल्यावर आला की भाकरीचा तुकडा द्यायचा आणि पुन्हा खेळायला सोडायचे. ‘थांब’ हा धडा जेवणाच्या थाळीपाशी. बसायला गोणपाट, कारण या हडकुळ्या जातीला नुसती फरशी टोचते. पाच मिनिटे शाळा, मग सुट्टी. असे तीन महिने चालले.

एका संध्याकाळी फाटक उघडे राहिले. राजा कऱ्हाड-चिपळूण रस्त्याच्या पलीकडे उभा होता. मला पाहून तो निघाला, आणि त्याच वेळी वळणावरून भरलेला ट्रक आला. ओरडावे, धावावे, असे सारे मनात आले. तोंडातून एकच शब्द निघाला, “थांब.”

तो थांबला. ट्रक गेला. धुळीपलीकडे तो तसाच, एक पाय उचललेला, माझ्याकडे बघत उभा होता. मी रस्ता ओलांडून त्याच्यापाशी गेलो. हातात साखळी होती. ती घालण्याआधी बराच वेळ त्याच्या मानेवरून हात फिरवीत राहिलो.

परवा बाजारात माझा एक जुना विद्यार्थी दिसला. आता चांगला चाळिशीचा गृहस्थ. मी आनंदाने त्याच्या नावाने हाक मारली, तर तो दचकला. “काही चुकलं का, गुरुजी?” म्हणाला.

वर्गात मी त्याचे नाव कधी कधी घेत होतो, ते मला घरी येईपर्यंत आठवत राहिले.